पदरमोड करून छापलेली प्रेमकथा

राधानगरीतील एका घरात, खाटेखाली, आम्ही ते गठ्ठे पाहिले. वर मेणकापड, मेणकापडावर जुनी गोधडी आणि खाली विटा. राधानगरीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या विटांचा अर्थ सांगावा लागणार नाही. आषाढात तिथे भिंतींनाही घाम सुटतो, तिथे कागदाची काय कथा! नाताळपूर्व भेटीसाठी आम्ही त्या घरी गेलो होतो. प्रार्थना झाली, चहा झाला, आणि उठता उठता घरच्या बाई अगदी सहज म्हणाल्या, "फादर, परवा रद्दीवाला आला होता. ओला कागद नको म्हणाला."

ते गठ्ठे त्यांच्या कादंबरीचे होते. नोकरीतून निवृत्त झाल्यावर हाती जे पैसे आले त्यांतला एक हिस्सा खर्चून बाईंनी पाचशे प्रती छापून घेतल्या होत्या. कादंबरी म्हणजे सरळसरळ प्रेमकथा आहे. धरणावर काम करणारा एक तरुण, आणि फोंडाघाट चढून नोकरीसाठी वर आलेली एक परिचारिका. ओळख, घरच्यांचा विरोध, ताटातूट, पुन्हा भेट. दोघेही आपल्याच श्रद्धेचे, आणि कथेचा शेवट वेदीपुढे, विवाहसंस्काराने होतो. हे शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम लिहिले आहे. त्याचे कारण पुढे येईल. बाईंचे नाव मात्र येथे देत नाही. तशी त्यांची विनंती आहे, आणि त्यांनी ती का केली हेही पुढे येईल.

दोन वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे आल्या होत्या. धर्मग्रामाच्या सणाच्या दिवशी चर्चच्या आवारात एक टेबल मांडून पुस्तके विकू का, एवढेच त्यांनी विचारले. त्यापूर्वीच आपल्यातील दोन जाणत्या गृहस्थांनी आमच्या कानावर घातले होते की बाईंनी 'तसले' काहीतरी लिहिले आहे. आम्ही पुस्तक उघडूनही पाहिले नाही. "बाई, चर्चच्या आवारात प्रेमकथा बरी दिसणार नाही," असे म्हणालो. त्या "बरं, फादर" म्हणाल्या आणि परतीच्या एस.टी.ला लागल्या. त्याच सणाला त्याच आवारात हौजीची तिकिटे खपली, लॉटरीची सोडत झाली, रात्री ध्वनिवर्धकावर हिंदी चित्रपटांतील प्रेमगीते वाजली. त्याने आवाराचे पावित्र्य भंगल्याची तक्रार आमच्याकडे कोणीही केली नाही. त्या दोन जाणत्या गृहस्थांनीही नाही.

तेव्हा हा लेख इतरांवर कोरडे ओढण्यासाठी आहे, पण पहिला कोरडा आमच्याच पाठीवर आहे हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

प्रेमकथेचा धाक आपल्या घरांत कोठून आला? आम्हाला विचाराल तर तो आमच्यासारख्यांनीच आणला. निषिद्ध ग्रंथांची रोमची यादी, जिला 'इंडेक्स' म्हणत, १५५९ साली पोप चौथे पॉल यांच्या काळात निघाली. त्या यादीत पुढे बाल्झाक, स्तांदाल, जॉर्ज सॅन्ड, अलेक्झांडर द्युमा यांच्या नावांपुढे पुस्तकांची शीर्षके देण्याचे कष्टही कोणी घेतले नाहीत. तीन लॅटिन शब्द लिहिले : 'ओम्नेस फाबुलाए अमातोरिआए', म्हणजे 'सर्व प्रेमकथा'. संपल्या! एका फटक्यात सगळ्या. त्या यादीचे कायदेशीर बंधन १९६६ साली पोप सहावे पॉल यांच्या कारकिर्दीत उठले. पण कायदा उठतो तशी सवय उठत नाही. राधानगरीच्या बाईंना आम्ही जे उत्तर दिले ते या तीन लॅटिन शब्दांचेच मराठी भाषांतर होते.

कोणी धर्मकायद्याचे पुस्तक काढून कलम ८२७ दाखवील, म्हणून तेही सांगून टाकतो. १९८३ च्या संहितेतील ते कलम धर्म व नीती यांच्या प्रश्नांची चर्चा करणाऱ्या लेखनासंबंधी आहे. असे लेखन परवानगीवाचून चर्चमध्ये मांडू, विकू वा वाटू नये असे ते म्हणते. पवित्र शास्त्राची भाषांतरे, प्रार्थनापुस्तके, धर्मशिक्षणाची पुस्तके यांना महागुरूंची अनुमती लागते. कादंबरीला लागत नाही. आवारातल्या आंब्याखालच्या टेबलावरील कादंबरीला तर नाहीच नाही. हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. गुरुविद्यालयात या विषयात आम्ही उत्तीर्ण झालो आहोत. ठाऊक असूनही बोललो नाही, इतकेच.

आणि पवित्र शास्त्राचे काय करायचे? 'गीतरत्न' नावाचे पुस्तक त्यात आहे की नाही? तोबियस आणि सारा यांची लग्नाची पहिली रात्र 'तोबित'मध्ये आहे की नाही? लग्नाच्या मिस्सेत यांतील वाचने आम्हीच निवडायला देतो आणि आपण सारे ती गंभीर चेहऱ्याने ऐकतो. क्लेरव्होचे संत बर्नार्ड 'गीतरत्ना'वर प्रवचने करू लागले ते मरेपर्यंत करीत राहिले. शहाऐंशी प्रवचने झाली तेव्हा ते कसेबसे तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापाशी पोचले होते. एका व्रतस्थ मठाधिपतीला प्रेमकाव्यात आयुष्याची अठरा वर्षे पुरेल इतके सापडले. आपल्याला एका संध्याकाळी वाचून होणारी कादंबरी सोसत नाही!

या संदर्भात एक खटला आपल्या घरांतून माहीत असायला हवा. चंद्रकांत काकोडकर हे नाव आमच्या पिढीच्या वाचकांना सांगायला नको. शिष्ट समीक्षकांनी त्यांना दाराबाहेर ठेवले आणि सामान्य वाचकांनी त्यांच्या कादंबऱ्यांची पाने झिजेपर्यंत वाचली. १९६२ च्या दिवाळीत 'रंभा' मासिकात त्यांची 'श्यामा' प्रसिद्ध झाली. पुण्याच्या एका नागरिकाने अश्लीलतेची तक्रार केली. कनिष्ठ न्यायालयाने लेखकाला सोडले, उच्च न्यायालयाने दोषी धरून दंड केला. दंडाची रक्कम किरकोळ होती, पण कपाळी शिक्का अश्लील लेखकाचा बसला. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २५ ऑगस्ट १९६९ रोजी निर्दोष ठरले. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी' या कादंबरीवरून निघालेला 'दो रास्ते' हा चित्रपट घरोघरचे लोक सहकुटुंब पाहायला गेले. त्या निकालात न्यायमूर्तींनी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. कादंबरीत स्त्रीपुरुषसंबंधाचा नुसता उल्लेख आला म्हणून ती किशोरवयीनांना वर्ज्य ठरवायची असेल, तर त्यांना कोणतीच कादंबरी वाचता येणार नाही आणि केवळ धार्मिक पुस्तकेच वाचावी लागतील, असा तिचा आशय. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा मनात आले की न्यायमूर्तींनी आमचा 'जुना करार' बहुधा पूर्ण वाचलेला नसावा. दावीद आणि बथशेबा यांची कथा आम्ही कोणत्या वयाला वर्ज्य ठरवणार आहोत?

काकोडकरांच्या शेजारी आरोपीच्या पिंजऱ्यात मासिकाचा मुद्रक-प्रकाशकही होता. म्हणजे संकट वाटून घ्यायला कोणीतरी होते. पदरमोड करून छापणाऱ्याला तेही नसते. लेखक तोच, प्रकाशक तोच, गठ्ठे वाहणारा हमालही तोच. आणि धर्मग्रामात कुजबूज सुरू झाली की आरोपीही तोच.

इथे दुसरा आक्षेप पुढे येतो, आणि तो पहिल्यापेक्षा कडू आहे. "स्वतःच्या पैशाने काय, कोणीही छापील!" असे म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. जणू पुस्तकाचा दर्जा चेक कोणी फाडला यावर ठरतो. कोल्हापूर जिल्ह्यात राहून असे बोलणे म्हणजे तर कृतघ्नपणाच. कुसुमाग्रजांची 'विशाखा' १९४२ साली निघाली ती कोणाच्या पैशाने? त्या वेळी कोल्हापुरात राहणाऱ्या वि. स. खांडेकरांनी ती स्वखर्चाने प्रसिद्ध केली. एका लेखकाने दुसऱ्यासाठी पदरमोड केली. ती केली नसती तर मराठी कविता केवढ्या ठेव्याला मुकली असती याचा हिशेब ज्याने त्याने करावा. राधानगरीच्या बाईंपाशी खांडेकर नव्हते, म्हणून त्यांनी आपली पदरमोड आपणच केली. यात हसण्यासारखे काय आहे ते आम्हाला कळलेले नाही.

आमच्या आजीच्या ट्रंकेत तळाशी काही चोपडी असत. रोमन लिपीतील कोंकणी, कागद पिवळट, आकार खिशात मावेल एवढा. घरात त्यांना 'रोमांसी' म्हणत. आमचा एक नातलग तारवटी होता. मुंबईला धोबीतलावच्या कुडात उतरला की येताना दोन-चार घेऊन येई. रात्रीचा तेर्स संपला की आजी चष्मा लावी आणि आम्हा मुलांना झोपायला पिटाळून शेजारच्या बायकांना त्या वाचून दाखवी. झोपेचे सोंग घेऊन आम्ही त्यातल्या बऱ्याच ऐकल्या आहेत. प्रार्थना आम्हाला आजीनेच शिकवल्या आणि गोष्टीची गोडीही तिनेच लावली. या दोहोंत कलह आहे हे आम्हाला पुढे सेमिनरीत कळले. त्या चोपड्या लिहिणाऱ्यांत रेजिनाल्ड फर्नांडिस (१९१४–१९९४) हे सर्वांत गाजलेले. लोकांनी त्यांना 'रोमांसिंचो पातशाय' अशी पदवी दिली, रोमांसींचा बादशहा! ती कोणत्याही विद्यापीठाने दिलेली नव्हती. त्यांच्या आधी कारिदाद दामासियान फर्नांडिस यांनी ही वाट पाडली होती. या परंपरेतील कित्येक लेखक आपले पुस्तक आपणच छापून घेत आणि आपणच खपवीत. विकत घेणारे कोण? खलाशी, आचारी, आया, शिंपी. म्हणजे आपलेच लोक. दर्यावर सहा-सहा महिने घर न दिसणाऱ्या माणसाला त्या चोपडीने आपल्या भाषेत सोबत केली. १९८७ च्या कायद्याने गोव्यात देवनागरी कोंकणी राजभाषा झाली. साहित्य अकादमीचा कोंकणी पुरस्कारही देवनागरी पुस्तकांनाच मिळत आला. रोमन लिपीतले हे बादशहा दरबाराबाहेर राहिले ते राहिलेच. लिपीच्या वादात आम्ही येथे पडत नाही. पण ज्या चोपड्यांनी आपल्या आज्यांना वाचनाची सवय लावली त्या लिहिणाऱ्यांसाठी आपल्या किती चर्चांमधून एक तरी मिस्सा अर्पण झाली, हे विचारण्याचा अधिकार आम्हाला आहे असे वाटते.

ज्यांना आजीच्या ट्रंकेतले दाखले हलके वाटतात त्यांच्यासाठी एक भारदस्त दाखला. अलेस्सांद्रो मान्झोनी हा इटलीचा थोर कॅथलिक लेखक. त्याची 'इ प्रोमेस्सी स्पोझी', म्हणजे 'वाङ्‌निश्चय झालेले वधूवर', ही कादंबरी १८२७ साली पूर्ण प्रसिद्ध झाली. रेन्झो आणि लुचिया या दोन गरीब खेडुतांच्या लग्नात एक मुजोर सरदार आडवा येतो, मग दुष्काळ येतो, १६३० ची प्लेग येते. शेवटी लग्न लागते. कथासूत्र म्हणाल तर राधानगरीच्या कादंबरीपेक्षा फार निराळे नाही! पुस्तक अफाट खपले, पण त्या काळी इटलीतील निरनिराळ्या राज्यांत लेखकाच्या हक्काला एकत्रित संरक्षण नव्हते. चोरट्या आवृत्त्या निघत गेल्या आणि मान्झोनीच्या पदरी कीर्तीखेरीज फारसे काही पडले नाही. तेव्हा १८४० ते १८४२ या काळात त्याने चित्रांसहित नवी आवृत्ती स्वतःच्या खर्चाने, हप्त्याहप्त्याने छापली. ती अपेक्षेप्रमाणे खपली नाही आणि त्याला जबर तोटा झाला. आज इटलीच्या शाळांतून मुले जो पाठ वाचतात तो याच तोट्यात गेलेल्या, लेखकाने पदरमोड करून छापलेल्या आवृत्तीचा. २७ मे २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी सार्वजनिक भेटीच्या वेळी वाङ्‌निश्चयाविषयी बोलताना तरुणांना हीच कादंबरी वाचायला सांगितली. चर्चच्या आवारात प्रेमकथा! तीही संत पेत्राच्या चौकात.

या कादंबरीत दॉन अबोंदिओ नावाचा एक धर्मगुरू आहे. वाईट माणूस नाही, भित्रा आहे. सरदाराच्या दोन गुंडांनी वाटेत दम दिला म्हणून तो बिचाऱ्या जोडप्याचे लग्न लावण्याचे टाळतो आणि पोराला गप्प करण्यासाठी लॅटिनमधून नियम सांगतो. सेमिनरीत हे पात्र वाचून आम्ही खूप हसलो होतो. राधानगरीहून परतताना दाजीपूरकडच्या डोंगरांवर धुके उतरत होते आणि आम्हाला ते पात्र आठवले. या वेळी हसू आले नाही. आम्हाला तर दोन गुंडही लागले नव्हते. दोन जाणते गृहस्थ पुरले.

आता बाईंनी नाव देऊ नका असे का सांगितले ते लिहितो. पुस्तक छापून आल्यावर त्यांना सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न कादंबरीविषयी नव्हता. "हा धरणावरचा पोरगा कोण हो?" हा होता. कोणी हसत विचारला, कोणी डोळे बारीक करून. त्यांच्या विवाहित मुलीला सासरी विचारला. पुरुषाने प्रेमकथा लिहिली तर त्याला कल्पनाशक्ती आहे असे आपण म्हणतो. बाईने लिहिली तर तिला पूर्वेतिहास आहे असे समजतो. जेन ऑस्टेनचे पहिले पुस्तक १८११ साली निघाले तेव्हा त्यावर तिचे नाव नव्हते, 'एका स्त्रीने लिहिलेले' एवढेच होते. तेही प्रकाशकाने तिच्या जोखमीवर काढले होते, तोटा आला असता तर तो तिने भरायचा या बोलीवर. तोटा आला नाही. एकशेचाळीस पौंड नफा झाला. त्याच्याही आधी, १७९७ साली, मुलीच्या एका हस्तलिखिताविषयी लंडनच्या प्रकाशकाला पत्र लिहिले ते तिच्या बापाने. तो स्वतः अँग्लिकन धर्मगुरू होता. प्रकाशकाने उलट टपाली नकार कळवला ही गोष्ट वेगळी. पण एका गावच्या धर्मगुरूने आपल्या मुलीच्या प्रेमकथेसाठी लेखणी उचलली. आम्हालाही लोक 'फादर' म्हणतात.

आणि राधानगरी हे नाव तरी कोणाचे? शाहू महाराजांनी आपल्या लेकीच्या, राधाबाई ऊर्फ अक्कासाहेबांच्या, नावाने हे गाव वसवले. १९०८ साली त्यांचा विवाह देवासचे तुकोजीराव पवार यांच्याशी झाला आणि तो संसार दुर्दैवाने मोडला. आज इंग्रजी वाचकाला तो संसार दिसतो तो ई. एम. फॉर्स्टर यांच्या 'द हिल ऑफ देवी' या १९५३ च्या पुस्तकातून, म्हणजे तुकोजीरावांच्या एका परदेशी स्नेह्याच्या डोळ्यांनी. बाईने आपली गोष्ट आपण लिहिली नाही की ती दुसरा कोणीतरी लिहितो, आणि बहुधा नवऱ्याचा मित्र लिहितो.

बाईंची कादंबरी चांगली आहे का, असे आता कोणी विचारील. विचारायलाच हवे, न विचारणे हीच आपली खरी चूक आहे. आम्ही ती या वेळी बरोबर आणली आणि दोन रात्रींत वाचली. निम्मी चांगली आहे. रात्रपाळीचे वर्णन, बाळंतिणीला घेऊन भर पावसात अडकलेली जीप, ओल्या चुलीचा धूर, पहाटे उठून चार मैल चालत मिस्सेला निघालेली म्हातारी, हे लिहिणारीने पाहिलेले आहे, आणि ते दुसऱ्या कोणाला लिहिता आले नसते. नायक मात्र फार सद्गुणी आहे. त्याला एकदा तरी राग यायला हवा होता. पत्रे लांबलेली आहेत. ऱ्हस्वदीर्घाच्या आणि छपाईच्या चुका इतक्या की आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. मान्झोनीने आपल्या छापून गाजलेल्या पुस्तकाची भाषा पुढची कित्येक वर्षे घासून पुसून बदलली. त्यासाठी फ्लॉरेन्सच्या लोकांचे बोलणे ऐकत राहिला. पदरमोड करणाऱ्याला अशी कठोर नजर आपली आपण लावता येतेच असे नाही. ती दुसऱ्याने लावायची असते. बाईंना ती कोणी दिली नाही. शहरातल्या ज्या इसमाने पैसे घेऊन पुस्तक काढले त्याने 'संपादनासह' असे सांगितले होते आणि एकही ओळ तपासली नव्हती. वितरणाचे वचन देऊन त्याने सगळे गठ्ठे टेम्पोने बाईंच्या दारात उतरवले. ज्या विद्वानांनी प्रस्तावना लिहिली त्यांनी बाईंची तुलना थोर लेखिकांशी केली आहे, पण नायिकेचे नाव चुकीचे लिहिले आहे. म्हणजे वाचली कोणीच नाही. निंदा करणाऱ्यांनी नाही, स्तुती करणाऱ्यांनी नाही आणि छापणाऱ्यानेही नाही.

मग पाचशेतल्या प्रती गेल्या कुठे? विकल्या गेल्या थोड्या. बऱ्याच फुकट गेल्या. आपल्या समाजात लेखकाला भेटल्यावर अभिनंदनाचे पहिले वाक्य "वा, छान!" आणि दुसरे "मला प्रत कधी देता?" असते. लग्नाच्या मांडवासाठी कर्ज काढणारे, सणाला फटाक्यांचा धूर करणारे, दोनशे रुपयांच्या पुस्तकासाठी मात्र हक्काने हात पुढे करतात. आणि मिळालेली प्रत दूरदर्शन संचाखाली उंची वाढवायला ठेवतात. हे आम्ही एका घरी प्रत्यक्ष पाहिले आहे. दुकानातून विकावे तर विक्रेत्याची सूट, टपाल, येणेजाणे वजा जाता लेखकाच्या हाती काय राहते ते विचारू नये. तरीही बाईंनी कायदा पाळला. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशकाने आपले पुस्तक देशातील चार सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायचे असते. बाई स्वतःच प्रकाशक. त्यांनी राधानगरीच्या टपाल कचेरीतून चारही प्रती नोंदणीने पाठवल्या आणि पावत्या बायबलमध्ये जपून ठेवल्या आहेत. म्हणजे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे त्यांची कादंबरी रवाना झाली आणि आमच्या धर्मग्रामाच्या वाचनालयात ती नाही. त्या वाचनालयाची किल्ली आमच्याकडे असते.

'मुलींच्या हाती असले पुस्तक नको' म्हणणाऱ्या आईबापांना एकच विचारतो. तुमच्या मुली रात्री पांघरुणात मोबाइलवर काय वाचतात? 'प्रतिलिपी'सारख्या ठिकाणी मराठीतही प्रेमकथांच्या मालिका वाचल्या जातात. त्या सगळ्याच वाईट नाहीत, पण तुम्ही त्यांतली एकही पाहिलेली नाही. जी गोष्ट तुमच्याच धर्मग्रामातल्या, तुमच्या मुलांना लस टोचलेल्या बाईने लिहिली आहे, जिला तुम्ही दारावर जाऊन जाब विचारू शकता, ती तेवढी धोक्याची! थॉमस स्टीफन्स यांना हे चारशे वर्षांपूर्वी उमगले होते. नवख्रिस्ती लोकांनी त्यांना म्हटले की जुनी पुराणे नको म्हणता, तर मग वाचायला दुसरे द्या. स्टीफन्स यांनी प्रवचन झोडले नाही. 'ख्रिस्तपुराण' रचले, आणि ते १६१६ साली राचोलला छापून निघाले. मागणी कथेची होती, कथाच दिली. आम्ही आज कथा देत नाही आणि देणारीला आवाराबाहेर उभे करतो.

आमच्या व्यवसायबंधूंना हे सारे उथळ वाटेल. त्यांनी पोप फ्रान्सिस यांचे १७ जुलै २०२४ चे साहित्यविषयक पत्र वाचावे. ते त्यांनी आरंभी धर्मगुरूंच्या घडणीसाठीच योजले होते. गुरुविद्यालयांतून साहित्याला करमणूक समजून बाजूला सारले जाते याची त्यांना खंत होती. आमच्या सेमिनरीत कादंबरी वाचताना सापडलेल्याला वेळेच्या अपव्ययाबद्दल समज मिळे. परिणाम असा की विवाहपूर्व शिबिरात आम्ही प्रेमावर दीड तास बोलतो आणि समोरची जोडपी घड्याळ पाहतात. त्यांना माहीत असते की या माणसाने याविषयी काही वाचलेलेही नाही.

बाईंची दुसरी कादंबरी निम्मी लिहून झाली होती. शाळकरी दोनशे पानी वही, निळी शाई. ती त्यांनी दोन वर्षांपूर्वी बंद केली. नेमका दिवस सांगायचा त्यांनी सौजन्याने टाळला, पण आमच्या लक्षात आला. वही पाहू द्या म्हटले तर म्हणाल्या, "आता कशाला, फादर?" आम्ही आग्रह केला नाही. आग्रहाचा हक्क आम्ही गमावलेला आहे.

येत्या सणाला आवारात आंब्याखाली टेबल मांडले जाईल. बाई तिथे बसायला तयार नाहीत, म्हणून आम्ही बसणार आहोत. मिस्सेनंतर हौजी सुरू होईपर्यंत आणि हौजी चालू असतानाही. कोरड्या राहिलेल्या एकशे साठ-सत्तर प्रती मिळतील. किंमत मुखपृष्ठाच्या मागे छापलेली आहे, सूट नाही, भेटप्रत मागू नये. पहिल्या दोन प्रती आम्ही त्या दोन गृहस्थांसाठी बाजूला ठेवल्या आहेत; पैसे त्यांनी द्यायचे आहेत. टेबलावर आमची स्वतःची प्रतही असेल, तिच्यावर पेन्सिलीच्या खुणा आहेत. ती विक्रीला नाही. ती बाईंना परत द्यायची आहे.